मोठीचा शेवटचा पेपर

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्यानं माझी थोरली बहीण पाहिलेली नाही. तिनं उभा जन्म दातच कोरले आणि त्यावर तीन माणसांची पोटं भरली, त्यातलं एक माझं. ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात, ताई त्यात प्लॅस्टर ओतते, साचा निघाला की मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवते. मग मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. ऐकायला सोपं आहे. पण पुढचे दोन दात केसभर जरी सरकले तरी आजोबा 'साखर' म्हणायला जातात आणि तोंडातून शिट्टी वाजते. 'माझ्या कवळीनं आजवर कुणाची शिट्टी वाजलेली नाही,' असं ताई सांगते. ती बढाया मारणारी नाही, तेव्हा खरंच असणार.

त्या लॅबमध्ये कवळ्यांचा सगळा विभाग गेली कित्येक वर्षं तीच बघत होती. मग लॅब विकली गेली. नवे मालक आले आणि आल्या आल्या त्यांनी नियम काढला की विभागप्रमुख पदवीधरच हवा. कुठल्याही विषयाची पदवी चालेल, पण हवी. ताईला तीन वर्षांची मुदत मिळाली. तेवढ्यात पदवी आणली तर खुर्ची तिची, नाहीतर पुन्हा टेबलावर, आणि तिच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी. मला हे कळलं तेव्हा मी फोनवर मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताई शांतपणे म्हणाली, "अगं, ते चुकीचं काय बोलतायत? माझं राहिलंच आहे ना."

राहिलं होतं खरं, आणि कसं राहिलं ते मला सांगायलाच हवं. आई गेली तेव्हा ताई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मी चौथीत. आईला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. ताईची वार्षिक परीक्षा सुरू झाली आणि नेमका मला ताप भरला. बाबा वजनकाट्यावर कारकून होते. सगळ्या जगाचं वजन त्यांना कळायचं, घरातलं सोडून. मला शेजारी टाकून ते तडक कॉलेजात गेले, परीक्षेच्या हॉलच्या दारात उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मोठे, ऊठ. पेपर राहू दे. घरी चल." ती उठली. अर्धा पेपर तसाच ठेवून आली. 'पुढच्या वर्षी बस' असं बाबा म्हणाले होते, पण पुढच्या वर्षी घर कोण बघणार, हा प्रश्न होताच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. माझा ताप उतरला, ताईचं कॉलेज मात्र तेवढ्यावर संपलं. मी शिकले, विमा कंपनीत चिकटले, लग्न करून दुसऱ्या गावी गेले. ताईचे आभार मानायला गेलं की ती विचारते, "चहा ठेवू का?"

आता बाबांना काही आठवत नाही. आधी चष्मा विसरायचे, मग घराचा रस्ता, मग मला. मी गेले की ते मला पाहुणी समजतात आणि नीट बसा म्हणतात. ध्यानात राहिली ती एकटी ताई. दिवसा एक बाई सांभाळायला येते, पण ताई लॅबमधून घरी आली की तिच्या नावाचा जप सुरू. "मोठे, पाणी." "मोठे, कोण आलंय?" "मोठे, तू आहेस ना?" कधी काही काम नसतं, नुसतीच हाक असते. मी चिडायचे. सगळं विसरला म्हातारा, हुकूम सोडायचा तेवढा विसरला नाही! ताई म्हणायची, "मारू दे गं हाक. मला कळतं तरी, की मी त्यांची कोण."

तर पदवी. एका डॉक्टरीणबाईंनी ताईला एका विद्यापीठाची माहिती दिली, जिथं वर्गात बसावं लागत नाही. पुस्तकं घरी येतात, आणि जो विषय तुम्हाला आधीपासून येतो त्याची सरळ परीक्षा देऊन टाकायची. पास झालात की तेवढे क्रेडिट जमा. ठरलेले क्रेडिट जमले की पदवी. ताईनं असे क्रेडिट वेचायला सुरुवात केली. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत जो वेळ मिळतो तेवढ्यात ती पुस्तक उघडायची. तिची पुस्तकं बघावीत, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पांढरा अंगठा. भाषा सुटली, इतिहास सुटला, व्यवस्थापन तर तिनं न वाचता सोडवलं. "सहा माणसं आणि एक मालक सांभाळलेत, अजून काय वाचू?" म्हणाली. आणि मग संख्याशास्त्रापाशी घोडं अडलं.

तो विषय सक्तीचा होता. मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिला तिळ्या भावांसारखे वाटायचे, कोण कुठला ते कळायचंच नाही. पहिल्या खेपेला ती सरळसरळ नापास झाली. दुसऱ्या खेपेला तयारी चांगली होती. ही परीक्षा घरूनच द्यायची असते, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची, टेबलाखालचं दाखवायचं, केस मागे करून कान दाखवायचे. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, कुणाचा आवाज येता कामा नये, तुम्ही उठता कामा नये. ताई निम्म्या पेपरापर्यंत पोहोचली आणि सांभाळणाऱ्या बाईची नजर चुकवून बाबा बनियनवर आत आले, हातात एक चप्पल. "मोठे, दुसरी कुठंय?" तिथल्या तिथे पडदा काळा. परीक्षा रद्द. ताई मला फोनवर चपलेचं सांगताना इतकी हसली की शेवटी ती रडतेय हे मला उशिरा कळलं.

एका विषयाला तीनच संधी. म्हणजे आता एकच उरली होती, आणि मुदतीचे महिनेही सरत आले होते. मी म्हटलं, "तू माझ्या घरी जाऊन पेपर दे, मी इथं बाबांजवळ राहते." तर म्हणे, "संध्याकाळी मी दिसले नाही की ते घास घेत नाहीत, मागे एकदा दोन दिवस उपाशी राहिलेत." शेजाऱ्यांच्या घरी बसून पेपर द्यावा तर त्यांच्याकडे दोन रांगती बाळं. शेवटी मी रजा टाकली आणि आदल्या दिवशीच जाऊन थडकले.

सकाळी ताईनं बाबांना न्हाऊमाखू घातलं, खायला दिलं, त्यांची कवळी धुऊन बसवली. ती अर्थातच तिनंच केलेली. मग आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. मी बाबांना बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसवलं. रस्त्यावरून जाणारी वाहनं मोजायचा खेळ काढला, तो त्यांना आवडतो. बराच वेळ बरं चाललं. मग त्यांनी मान वळवून विचारलं, "मोठी कुठंय?"

मी खोटं बोलायला हवं होतं. बाजारात गेलीय म्हणायचं होतं. पण जीभ कधी आवरली आहे माझी? मी म्हटलं, "परीक्षेला बसलीय."

"कसली परीक्षा?"

"कॉलेजची, बाबा."

त्यांचा चेहराच बदलला. इतक्या वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. सैल पडलेला जबडा आवळला गेला, पाठ ताठ झाली. वजनकाट्यावरचे बाबा माझ्यासमोर उभे राहिले. "आत्ता? घरी धाकटी तापानं फणफणलीय आणि ही पेपर देत बसलीय?" आणि ते थेट त्या दाराकडे निघाले.

मी आडवी आले. हळू आवाजात म्हटलं, "बाबा, धाकटी मीच. मला ताप नाही. हे बघा." त्यांचा हात धरून माझ्या कपाळावर ठेवला. त्यांनी क्षणभर ठेवू दिला, मग झटकला. "तुम्ही व्हा बाजूला. माझी मुलगी आत आहे." आणि दारावर थाप मारली. "मोठे! ऊठ. पेपर राहू दे. घरी चल."

ऐंशी पार केलेल्या माणसात एवढं बळ कुठून येतं कोण जाणे. मी त्यांना मागून घट्ट मिठी मारली तरी ते मला ओढत होते. "मोठे! ऐकू येतंय ना? पोर तापलीय. ऊठ म्हणतो ना!" मला त्यांच्या तोंडावर हात ठेवता आला असता. हात वर नेलासुद्धा, पण ठेववेना. मी त्यांच्या कानाशी रडत सांगत होते, "बाबा, एकदा केलंत तेवढं पुरे की हो. आता नका ना." त्या माणसावर मी जन्मभर जो राग धरला होता तो सगळा वर आला, आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली, कारण आवाजात हुकूम कमी आणि भीती जास्त होती. बायको गेलेली, धाकटी तापलेली, आणि त्यांना दुसरं कुणीच नव्हतं. हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

दार उघडलं नाही. आतून खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही.

हळूहळू बाबांचा आवाज बसत गेला. ते दाराला टेकून जमिनीवर बसले. शेवटची हाक तर मलाही जेमतेम ऐकू आली. मग गप्प झाले, पायजमा ओला केला आणि भिंतीकडे बघत राहिले. वेळ संपल्यावर ताईनं कडी काढली. ती पांढरीफटक पडली होती. ती खाली बसली, त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "बाबा, आले मी." बाबांनी हात सोडवून घेतले आणि अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

खोलीत दुसरं कुणी दिसलं नव्हतं म्हणून पेपर मध्येच रद्द झाला नाही, पण निकाल अडला. कॅमेऱ्यानं पुरुषाचा आवाज टिपला होता. विद्यापीठातल्या छाननीच्या बाईंनी ताईला व्हिडिओवर बोलावलं. मी पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले होते. बाई सभ्य होत्या. आवाज धड कळत नाही म्हणाल्या, आणि तो तुकडा लावला. दारामागून येणारी बाबांची हाक त्या लहानशा स्पीकरमधून पुन्हा सगळ्या खोलीत झाली. ताई मान खाली घालून ऐकत होती.

"हे तुम्हाला उत्तरं सांगतायत का?" बाईंनी विचारलं.

"नाही. माझे वडील आहेत. परीक्षा सोडून बाहेर ये म्हणतायत."

"इतक्या कळवळून बोलावतायत. मग तुम्ही उठला कशा नाहीत?"

ताई म्हणाली, "मागच्या वेळी उठले होते."

बाईंना वाटलं असणार, मागची रद्द झालेली परीक्षा. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मला उठून त्यांना सगळं ओरडून सांगावंसं वाटलं, पण ताईनं टेबलाखालून माझा हात घट्ट धरला होता.

आठवड्यानं निकाल आला. ताई पास झाली, काठावर नाही, चांगली पास. पदवी मिळाली, खुर्ची राहिली. लॅबमधल्या सहाही जणांनी तिच्यासाठी केक आणला. पण घरात हाक बंद झाली ती झालीच. त्या दिवसापासून बाबांनी एकदाही 'मोठे' म्हटलं नाही. पाणी हवं असलं तरी हळूच उठून स्वतः घेतात, नाहीतर तसेच बसून राहतात. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकतोय, पेपरचा काही संबंध नाही, कधीतरी हे व्हायचंच होतं. मीही ताईला तेच सांगते. ती मान हलवते, पण तिला पटत नाही. "सगळं विसरले गं," ती म्हणाली, "पण बोलावलं आणि मी आले नाही, एवढं कुठेतरी राहिलंय बघ त्यांच्यात."

पदवीचा कागद आला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. ताई तो घेऊन बाबांच्या खुर्चीशी बसली आणि म्हणाली, "मी बी. ए. झाले."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. परक्या, शहाण्या मुलीकडे बघतात तसं, कौतुकानं. "वा," म्हणाले, "फार छान. शिकलात तुम्ही. आता इथं बसू नका. घरी जा आणि आधी वडिलांना सांगा."

"सांगितलं," ताई म्हणाली.