मानेवरची पायरी

माणूस समोरून शहाणा दिसतो, त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. नाक, डोळे, मिशा, आवाज एवढं सगळं पुढे मांडून ठेवल्यावर कुणीही शहाणं दिसेल. माणूस मागून बघावा. मानेचा खळगा, कानामागचा मळ, टाळूवरचं विरळ रान. मागून बघणाऱ्याला माणसं लवकर कळतात, आणि एकदा कळली की त्याने तोंड बंद ठेवलेलं बरं. धाकट्याने ते बावीस वर्षं बंद ठेवलं होतं.

दोघा भावांचं सलून होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, मध्ये एक फळी आणि फळीवर बापाने वाटून दिलेले दोन वस्तरे. थोरला दाराजवळ उभा राही, धाकटा आत भिंतीकडे. ज्याला बोलायचं असे तो थोरल्याकडे बसे, ज्याला डुलकी काढायची असे तो धाकट्याकडे. जगात बोलणारेच जास्त, त्यामुळे थोरल्याचा बाक कायम भरलेला.

थोरल्याचा डावा डोळा अधू होता. तो ते कबूल करत नसे. गिऱ्हाइकाच्या मानेवर डाव्या अंगाला केस हळूहळू कमी होत यायला हवेत, ते येत नसत. मध्येच एक पायरी राही. या धंद्यात पायरीसारखी दुसरी लाज नाही. वरून खाली केस असे विरत जावेत की ते कुठे संपले हे बोटालाही कळू नये. त्याला हे दोघे उतार म्हणत. थोरल्याचं काम आटपत आलं की धाकटा हातातला ब्रश घेऊन सहज तिकडे जाई, "केस झटकतो" म्हणे आणि झटकता झटकता कात्रीच्या टोकाने तीन-चारदा छाटून पायरी मोडून टाकी. थोरल्याला वाटे, भाऊ नम्र आहे. गिऱ्हाइकाला वाटे, थोरल्याचा हात काय सुरेख. धाकट्याला काय वाटे हे कुणी विचारलं नाही. त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

मग त्याला खोकला लागला. महिना झाला, दोन झाले, जिना चढताना धाप लागू लागली. ज्याने त्याने औषध सांगितलं. फुकटचं औषध सांगण्याइतका उत्साह लोक दुसऱ्या कशात दाखवत नाहीत. शेवटी बायकोने हाताला धरून मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, फुप्फुसांना आतून सूज आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील. रोज सकाळी खाऊन झाल्यावर आठ.

"भूक वाढेल, तोंड सुजेल, झोप उडेल," त्या म्हणाल्या. "स्वभावही बदलू शकतो. कधी चिडचिड, कधी नको इतका उत्साह, कधी उगाच रडू. तसं काही झालं तर मला येऊन सांगायचं. पण स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. कळलं?"

धाकट्याने मान हलवली. माणूस डॉक्टरापुढे मान हलवतो ती कळलं म्हणून नव्हे, उठता यावं म्हणून.

चार दिवसांत श्वास मोकळा झाला. आठव्या दिवशी तर त्याला वाटलं, आपल्याला इतकी वर्षं कुणीतरी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. पहाटे कोंबड्याच्या आधी उठून त्याने दुकानाच्या दाराला रंग दिला. आरसे उतरवून पुन्हा सरळ लावले. सगळ्या कात्र्या पाजळल्या, बायकोची भाजी चिरायची सुरी पाजळली, शेजारणीचा विळा मागून आणून तोही पाजळला. दोन माणसांचं जेवण एकटा जेवला. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. आणि बावीस वर्षांचं बंद तोंड उघडलं.

पहिले सापडले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींच्या टकलावर डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत पाच लांब केस आडवे टाकलेले होते, आणि त्या पाच केसांवर त्यांचा अख्खा स्वाभिमान अंथरलेला होता.

"गुरुजी," धाकटा कंगवा थांबवून म्हणाला, "हे पाच केस कुणासाठी?"

"म्हणजे?"

"टक्कल साऱ्या जगाला दिसतं. नदीवर काडी टाकून पूल म्हणायचं, असं झालं हे. पोरांना गणित शिकवलंत ना तुम्ही? मग एवढा हिशेब येईना?"

बाकावरचे लोक खो-खो हसले. थोरलाही हसला, आणि तिथेच चुकला.

कारण मग गर्दी वाढली. लोक केस कापायला नव्हे, दुसऱ्याचे कापले जाताना ऐकायला येऊ लागले. शिंप्याला धाकटा म्हणाला, तुझ्या मानेच्या सुरकुत्या तुझ्या शिलाईपेक्षा सरळ आहेत. दूधवाल्याला म्हणाला, तुझ्या डोक्यातही पाणीच जास्त. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पाळीला पोट धरून हसे आणि स्वतःची पाळी आली की लालबुंद होऊन जाई. दोन दिवसांनी तोच पुन्हा बाकावर हजर, नवा बकरा कोण ते बघायला. असल्या माणसांचा तिरस्कार करायला खरं तर गोळी लागू नये.

धाकट्याला मात्र वाटे, आता कुठे दिसायला लागलं. सगळी डोकी त्याला काचेची झाली होती. आत काय आहे ते दिसे, आणि आत काहीच नसे. बोलता बोलता त्याच्या ओठांना कोरड पडे, हात बारीक थरथरत, पण जीभ अशी चाले की आपली आपल्यालाच ऐकावीशी वाटे. दुपारी घरी जाऊन तो एवढ्यातेवढ्यावरून ताट सरकवी आणि मग कोपऱ्यात बसून रडे. कशासाठी ते त्याला सांगता येत नसे. डोळे पुसून तो पुन्हा दुकानात जाई, तेव्हा जीभ पुन्हा धारेला लागलेली असे.

एकदा पोस्टातला कारकून दाढीला बसला होता. गालाला फेस, कानाला फोन, आणि बोलताना मान सारखी इकडेतिकडे. धाकट्याने दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याने वस्तरा गळ्यापासून वीतभर लांब धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हलू नकोस. हा गळा माझ्या हातात आहे, आणि मला आज तुझा फार कंटाळा आलाय."

कारकुनाने फोन खाली ठेवला. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि वरच राहिली.

थोरल्याने आरशातून भावाचे डोळे पाहिले होते. तो आला, त्याने धाकट्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला, मिटला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"दादा, दे तो."

"देणार नाही. तू ताळ्यावर आल्याशिवाय वस्तऱ्याला हात लावायचा नाहीस. कात्री चालव."

"मी कात्री चालवू?" धाकटा हसला. ते हसणं त्याच्या घराण्यात कुणाचंच नव्हतं. "बावीस वर्षं तेच केलं मी. तुझ्या गिऱ्हाइकांच्या मानेवर. तुला डाव्या डोळ्याने दिसत नाही, दादा. तू प्रत्येकाच्या मानेवर पायरी ठेवतोस, आणि मी केस झटकायच्या निमित्ताने येऊन ती मोडतो. विचार हवं तर. हात फिरवून बघा रे सगळ्यांनी आपापल्या मानेवर."

आणि बाकावरच्या त्या शहाण्यांनी खरंच हात वर करून आपापल्या माना चाचपल्या.

थोरल्याने कारकुनाची उरलेली दाढी केली आणि फडकं झटकून दाराशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून धाकटा ब्रश घेऊन तिकडे गेला नाही, आणि थोरल्याने बोलावलंही नाही. पंधरा दिवसांत रस्त्याने मानेवर पायऱ्या घेऊन माणसं हिंडू लागली. वस्तऱ्याविना धाकट्याची खुर्ची अर्धी झाली. वस्तरा नसलेला कारागीर म्हणजे दात काढलेला कुत्रा. भुंकतो चांगला, पण आवाजावरूनच कळतं.

बायकोने तेवढे दिवस ऐकून घेतलं होतं. एके दुपारी ती त्याच्यासमोर बसली.

"सकाळी मला काय म्हणालात, आठवतंय?"

"खरं तेच म्हणालो."

"अहो, खरं बोलायला गोळ्या लागतात होय? गेली अठरा वर्षं नाही बोललात ते."

"म्हणजे गोळ्याच बोलतायत म्हण ना."

"गोळीने धार लावली," ती म्हणाली. "पातं तुमचंच आहे. डॉक्टरबाईंना जाऊन सांगा म्हणून मी किती वेळा म्हटलं. तुम्हाला लाज वाटते, डोकं फिरलंय म्हणायची. दुसऱ्याच्या डोक्याची अब्रू काढायला वाटत नाही."

हे त्याला लागलं. त्या दुपारी तो रडला तेव्हा पहिल्यांदा त्याला कारण ठाऊक होतं. भावाचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. दादा म्हणाला होता, ताळ्यावर आलास तरच वस्तरा, आणि ताळ्याच्या आड ह्या आठ गोळ्या होत्या. मग उपाय सोपा. असे सोपे उपाय ज्याला सुचतात त्याला सहसा दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोळ्यांची डबी माळ्यावर टाकली. आठ होत्या, शून्य केल्या. बायकोला सांगितलं नाही.

दोन दिवस त्याला वाटलं, जिंकलो. तिसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईनात. चौथ्या दिवशी सांधे असे ठणकले की कंगवा धरवेना, अन्नावरून मन उडालं, उभं राहिलं की अंधारी येई. पाचव्या दिवशी तो दुकानात गिऱ्हाइकाच्या मागे उभा होता तो तिथेच फरशीवर बसला आणि उठेना. श्वास पुन्हा पोत्यात गेला होता. गिऱ्हाईक अर्धं डोकं कापलेलं घेऊन तसंच बसून राहिलं आणि "माझं कोण पुरं करणार?" विचारू लागलं. थोरल्याने त्याला एक शब्द असा ऐकवला की बावीस वर्षांच्या गोड बोलण्याची त्यात भरपाई झाली. मग भावाला खांद्यावर घेतलं.

इस्पितळात सलाईन लागलं, सुई टोचली, रक्तदाब जागेवर आला. डॉक्टरबाई खाटेशी उभ्या राहिल्या. एका बाजूला बायको, एका बाजूला थोरला.

"बंद करायला कुणी सांगितलं?"

"डोकं ठिकाणावर यावं म्हणून," धाकटा छताकडे बघत म्हणाला.

"तुम्ही आलात का मला सांगायला? मी काही कमी-जास्त केलं असतं. झोपेचं बघितलं असतं. हे होतं पुष्कळांना, त्यात वेड लागल्यासारखं काही नाही. पण बाहेरून औषध मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. एकदम तोडलं तर दोन्हीकडून गेलात. जीव गेला असता. हळूहळू उतरायचं असतं. सहा, मग पाच, मग चार, दर वेळी काही दिवस थांबून. शेवटी तर अर्धी, पाव. शरीराला कळूच नये कुठे संपलं."

थोरला खाटेच्या कठड्यावर हात टेकून पुढे वाकला.

"म्हणजे उतार काढायचा," तो म्हणाला.

"हो. उतारच म्हणा."

"डॉक्टरबाई, ह्या गाढवाला उतार माहीत आहे. सबंध मुलखात ह्याच्यासारखा उतार कुणी काढत नाही." मग तो भावाकडे वळला. त्या अधू आणि धड अशा दोन्ही डोळ्यांत काठोकाठ तुच्छता होती, आणि ती कुठल्याही गोळीची नव्हती. "आठावरून शून्य. काय रे? माझी पायरी दिसते तुला. स्वतःची ठेवलीस ती नाही दिसली?"

धाकट्याने छतावरची नजर काढून भावाकडे नीट पाहिलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

मग उतार सुरू झाला. बायकोने भिंतीवर कागद चिकटवला आणि रोज सकाळी एकेक खूण केली. पाच गोळ्यांवर झोप थोडी परतली. चारवर ताट सरकवणं थांबलं. तीनवर चेहऱ्याला पुन्हा हाडं दिसू लागली. डोकी हळूहळू काचेची राहिली नाहीत, हाडाची आणि केसांची झाली. त्यातून आता काही दिसत नसे. खोटं का बोला, त्याला त्याचं थोडं वाईट वाटलं. आपण हुशार होतो असं वाटण्यासारखं सुख नाही, मग ते औषधाचं का असेना. कारकुनाची त्याने घरी जाऊन माफी मागितली. कारकून म्हणाला, छे छे, मला काही वाटलंच नाही, आणि बोलताना दोनदा गळ्याला हात लावला. बाकावर आता गर्दी नव्हती. ऐकायला काही उरलं नाही म्हटल्यावर रसिकांना केस वाढवायला वेळ मिळाला.

गोळ्या दोनवर आल्या त्या आठवड्यात गुरुजी आले. अपमान झाल्यावर ते दुसऱ्या सलूनात गेले होते. तिथल्याने विचारलं नाही की सांगितलं नाही, सरळ एक केस छाटून टाकला, म्हणून परत आले. धाकट्याच्या खुर्चीकडे न बघता ते थोरल्याकडे बसले. थोरल्याने कान मोकळे केले, मान केली, आणि डाव्या बाजूला हात थांबवला. मग त्याने खिशातून मिटलेला वस्तरा काढून मधल्या फळीवर, धाकट्याच्या बाजूला ठेवला. भावाकडे बघितलं नाही.

"जरा केस झटकून दे रे," तो म्हणाला.

धाकटा ब्रश घेऊन गेला. मानेवर पायरी होती, नेहमीच्या जागी. त्याने कात्रीची टोकं लावली. एक, दोन, तीन. थोरला बाजूला उभा राहून उजव्या डोळ्याने सगळं बघत होता, आणि या वेळी धाकट्याने त्याला ते बघू दिलं.

गुरुजींना मागे कोण आहे ते आरशात दिसलं. त्यांनी अंग आवळून धरलं. टोमणा काही आला नाही, तसे ते उगाच खाकरले.

"काय रे," ते म्हणाले, "आज काही बोलत नाहीस?"

धाकट्याने त्यांच्या टाळूकडे पाहिलं. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत आता चारच केस होते. त्याच्या जिभेवर एक वाक्य आलं. चांगलं होतं, आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की ते त्याचं स्वतःचंच आहे. त्याने फळीवरचा वस्तरा उचलून उघडला, धार उजेडात पाहिली.

"मान खाली, गुरुजी," तो म्हणाला.