गालिच्यावरची बैलजोडी

माझी माय हट्टी. लई हट्टी. दुष्काळात चारा संपला तसं बापानं बैलजोडी बाजारात विकली आणि त्याविषयी पुन्हा तोंडातून अक्षर काढलं न्हाई. त्याच उन्हाळ्यात बायकांच्या सोसायटीनं गावातल्या शेडात गालिचे विणायचे माग आणले. पहिला गालिचा पास झाला तर कायमचं काम, न्हाईतर दसऱ्यानंतर पुन्हा ऊसतोड. मायला काहीही करून ऊसतोड चुकवायची होती. मला शाळेत ठेवायचं होतं तिला.

सोसायटीच्या साहेबांनी कागदावर फुलांची नक्षी दिली. माय म्हणाली, "फुलं हाईत कुठं औंदा?" आणि कागद बाजूला सारून तिनं आमची बैलजोडीच विणली. एकाचं शिंग मोडकं, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा टिळा. लोकरीच्या एकेका गाठीनं असे हुबेहूब उतरवले, की मला गोठ्याचा वास आला, खरंच सांगते!

गालिचा मागावरून उतरला की बायकांनी त्याच्यावरून चालून तो बसवायचा, अशी तिथली रीत. पण एकही बाई पाऊल टाकीना. बैलाला पाय लावायचा? साहेब बूट घालून पुढं झाले, तशी माय कडाडली, "ओ साहेब, पाय मागं! जनावर हाय ते."

झालं! साहेब भडकले. "बाई, गालिचा पायाखालीच असतो. हे उकला, फुलं घाला, नाहीतर माग दुसरीला देतो." वर बापाला बोलावणं धाडलं, बायकोला समजवा म्हणून.

बाप आला. चपला दाराशी काढून गालिच्याच्या कडेला उकिडवा बसला. मोडक्या शिंगावरून बोट फिरवत म्हणाला, "उलटे जुंपलेस की गं. मोडक्या शिंगाचा उजवीकडं असायचा."

बैल विकल्यापासून पहिल्यांदाच बोलला तो त्यांच्याविषयी.

"तुमी औतामागून बघितलं त्यास्नी," माय म्हणाली. "मी वैरण टाकायची. म्होरून."

बाप उठून साहेबांपुढं उभा राहिला. "साहेब, आमी जातो उसाला. पर ह्ये उकलू नका."

साहेब दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "भिंतीवर टांगा. पास. पुढच्यात मात्र फुलं पाहिजेत."

पोळ्याला आमचा गोठा रिकामाच होता. बाप पुरणपोळी घेऊन सोसायटीच्या शेडात गेला, आणि घास मोडून भिंतीवरल्या बैलाच्या तोंडाशी धरला.

"अवं, तूप लागंल की गालिच्याला!" मागून आलेली माय ओरडली, आणि पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडली.