चार वाजताची कॅसेट

नव्वदीची सुरुवात होती. माझी मुलगी झाली तेव्हा मी डोंबिवलीच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवत होते. सस्तन प्राण्यांची लक्षणं दरवर्षी फळ्यावर लिहून देणारी मी. बाळाला अंगावर पाजणं ही काय मोठी गोष्ट, असं मला वाटायचं. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते माझं तिसऱ्या दिवशीच खाली झालं.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी ठाण्याला आले होते आणि नौपाड्यातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात बाळंत झाले होते. मुलगी तोंड लावायची, दोनदा चोखायची आणि भोकाड पसरायची. मला इतकं दुखायचं की तिची भुकेची वेळ जवळ आली की मी घड्याळाकडे बघायचंच टाळायचे. तिचं वजन रोज उतरत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या परत वजन करू. अजून उतरलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल."

आईने तासाभरात बाटली आणि पावडरच्या दुधाचा डबा आणून कपाटावर ठेवला. "तूही डब्यावरच वाढलीस," ती म्हणाली, "काही कमी पडलं का तुला?"

"पडलं असेल, म्हणून तर अशी चिडकी निघाले," मी म्हटलं. ती हसली नाही. मला तो डबा नको होता. माझ्या लेकीला मलाच पाजायचं होतं, आणि एवढं साधं काम जमत नाही याची मला भयंकर लाज वाटत होती.

त्या प्रसूतिगृहात तेव्हा एक नवलाई आली होती. डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा परिषदेहून स्तनपानाची व्हिडिओ कॅसेट आणली होती. रोज चार वाजता कामाच्या मावशी चाकांच्या टेबलावरचा टीव्ही आणि व्हीसीआर ढकलत आमच्या खोलीत आणायच्या. खोलीत चार खाटा, चार बाळंतिणी आणि सोबत कुणाची आई, कुणाची सासू. कॅसेट इंग्रजी होती, म्हणून सिस्टर आवाज बंद करून स्वतःच मराठीत बोलायच्या. पडद्यावर एक गोरी बाई हसतमुखाने बाळाला पाजायची. पहिले दोन दिवस मी ती दात-ओठ खात बघितली. तिचं बाळ रडतच नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीची सासू खाडीकाठच्या कोळीवाड्यातली होती. मासळी विकून आवाज खणखणीत झालेला. पहिल्या दिवशी कॅसेट बघून तिने कपाळावर हात मारला होता, "आता ह्ये पन टीवीत बगून शिकायचं काय?" पण आता रोज सगळ्यांच्या आधी तीच स्टूल पुढे ओढून बसायची.

त्या तिसऱ्या दिवशी कॅसेट सुरू झाली तेव्हा मी लेकीला घेऊनच बसले होते. पदर खांद्यावरून पुढे ओढून, बाळासकट सगळं झाकून. आमच्याकडे असंच पाजतात. खोलीत बायकाच असल्या तरी पदर घ्यायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि चारचौघांत बरं दिसतं. पदर जरा घसरला की आई तो लगेच सारखा करायची.

ती कोळीण म्हातारी माझी धडपड बघत होती. ती एकदम ओरडली, "सिस्टर, जरा मागं घ्या त्ये! हां, आता थांबवा." चित्र थांबलं. थरथरत होतं, मधे पांढऱ्या रेघा होत्या, पण बाळाचं मोठं उघडलेलं तोंड आणि छातीला टेकलेली हनवटी स्पष्ट दिसत होती. म्हातारीने उठून पडद्यावर बोट ठेवलं.

"बग, केवरा आ केलाय त्यानं! आनि ती गोरी कुठं बगते? पोराच्या तोंडाकडं. तू पदराखाली आंधल्यावानी काय चाचपतेस? काढ तो पदर."

"अहो, कुणीतरी येईल ना," आई म्हणाली.

"कोन येतंय? मी हाय की दारात." आणि ती खरंच कमरेवर हात ठेवून दारात जाऊन उभी राहिली. तिला ओलांडून आत यायची कुणाची बिशाद नव्हती.

मी पदर काढला. खरं सांगते, तीन दिवसांत मी पाजताना लेकीचं तोंड पाहिलंच नव्हतं. ती नुसतं टोक ओठांत धरून चुळबुळत होती. म्हणून तिच्या पोटात काही जात नव्हतं आणि माझा जीव जात होता. सिस्टरांनी चित्र तसंच थांबवून ठेवलं. मी एकदा पडद्याकडे बघायचे, एकदा लेकीकडे. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा तिने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला, मी तिला पटकन जवळ ओढलं आणि घोट गिळल्याचा आवाज आला. मग दुसरा, तिसरा. दुखत नव्हतं. मी हुंदके देऊन रडले.

"रडतेस कशाला, बाय?" म्हातारी दारातून म्हणाली. "पोरगी प्यायली की!"

दुसऱ्या दिवशी वजन उतरलं नव्हतं, किंचित वाढलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मी दिवसभर भेटीला आलेल्या प्रत्येकाला पाजण्यावर व्याख्यान दिलं. तीन दिवसांच्या अनुभवावर मी आता तज्ज्ञ झाले होते.

चार वाजता कॅसेट लागली, संपली आणि मावशी टेबल ढकलायला लागल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा जरा. सिस्टर, ते कालचं चित्र परत दाखवता का?"

सिस्टर हसल्या. "आता कशाला, काकू? जमलं की लेकीला."

आई टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. आमच्याकडे न बघता म्हणाली, "हिच्या वेळी सासूबाई पदर काढू द्यायच्या नाहीत. पंधरा दिवस ही रडली, मी रडले. मग डबा आला. सगळे मला म्हणाले, तुला दूधच नाही. इतकी वर्षं मीही तेच समजत होते."

सिस्टरांनी कॅसेट मागे घेतली आणि चित्र थांबवलं. आईने स्टूल पुढे ओढलं आणि ती बघत बसली.