खोकलीचा उतार

मासिक डेपोत आलं की सगळ्यात आधी फिटरच्या हातात पडायचं. ग्रीसची बोटं पँटीला पुसून तो कँटीनच्या बाकावर मांडी ठोकायचा आणि वहिनीची गोष्ट मोठ्यानं वाचायला घ्यायचा. त्या सकाळी मात्र वाचता वाचता त्याचा आवाज बसला. पुढच्या ओळी त्यानं ओठांतल्या ओठांत वाचल्या, मासिक मिटलं आणि खिडकीतून पलीकडं बघितलं. पलीकडच्या खोलीत वायरलेसच्या सेटसमोर वहिनी बसली होती.

"काय रे, तोंडात बोळा बसला का?" कुणीतरी विचारलं.

"खोकली गेली," फिटर म्हणाला. "जळून गेली. मुक्यासकट."

कँटीनमध्ये कपबश्यांचा आवाज थांबला. वहिनीनं काचेतून ते सगळं बघितलं. ऐकू काही आलं नाही, पण तिला कळलं.

ती सगळ्या डेपोची वहिनी, कारण तिचा नवरा इथं टँकर चालवायचा. डोंगरापलीकडच्या कारखान्यात पेट्रोल भरायचं, घाट उतरून इकडच्या टाक्यांत रिकामं करायचं, एवढंच इथलं काम. पण भरलेला टँकर उतारावर मागून कसा रेटतो हे ज्याच्या पाठीला ठाऊक आहे, तो 'एवढंच' म्हणायचा नाही.

गाड्यांवर नंबर होते, पण नंबरानं कुणी गाडीला हाक मारत नसे. मामांची गाडी ती सासू, कारण साधं दार उघडलं तरी कुरकुरायची. "सासूला रोज हाकणारा जगात मी एकटाच," असं मामा छाती फुगवून सांगायचे. एक होता पैलवान, नावाचाच. चढ लागला की धाप लागायची. आणि नवऱ्याची ती खोकली, सुरू होताना खोकायची म्हणून. नवऱ्याला सगळे मुका म्हणायचे. मुका नव्हता तो, पण एक शब्द वाचला तर तेवढाच उद्याला होईल अशा हिशेबानं बोलायचा.

घाटाच्या माथ्यावर रस्ता एकदम अरुंद होतो. तिथून खाली एका वेळी एकच टँकर. माथ्यावर आलं की ड्रायव्हरनं सेटवर आपल्या गाडीचं नाव सांगायचं, खालून वहिनीनं तेच नाव परत उच्चारायचं, मगच उतरायला लागायचं. नाव परत आलं नाही तर समजायचं, खाली काहीतरी बिघडलंय आणि ते सेटवर सांगता येत नाहीये. मग जागेवर ब्रेक दाबून उभं राहायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण साहेबांचा हुकूम मोडणारे हा नियम मोडत नव्हते.

घरी ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि सेटवर 'खोकली'. मनातल्या मनात आठवण काढायची तीही खोकली म्हणूनच.

गोष्टींचं वेड तिला आधीपासून होतं. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात ती आकाशातल्या मालवाहू यानांच्या गोष्टी लिहायची. पहिली गोष्ट पाठवली तेव्हा यानांची नावं 'अल्फा-नऊ' आणि 'झेटा' होती. संपादकबाईंनी फोन केला. "बाई, गोष्ट बरी आहे हो. पण ही नावं औषधाच्या बाटलीवरची वाटतात. वाचताना कुणाची काळजीच वाटत नाही."

वहिनी दोन दिवस फुरंगटून बसली. मग एका दुपारी मामा सेटवर सासूला शिव्या घालत माथ्यावर आले आणि हिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यानाचं नाव कसं हवं? त्याला शिवी देता आली पाहिजे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात ते मावलं पाहिजे. आणि माणसाचं नाव आई-बापांनी ठेवलेलं नको, सोबत्यांनी ठेवलेलं हवं, कारण त्यात तो कसा आहे ते असतं. झालं! सासू, पैलवान, खोकली आकाशात गेल्या. बर्फाच्या लाद्या लादून या ग्रहावरून त्या ग्रहावर फिरायला लागल्या. गोष्टीतही ग्रहावर उतरण्याआधी नाव सांगायचं, खालून परत नाव यायचं. वाचक खूष. डेपो तर त्याहून खूष. मामा तर आपल्याला पगारवाढ आकाशातच मिळणार म्हणून हसायचे.

पण गेल्या खेपेला संपादकबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं सगळे सुखरूप पोचतात हो. आता एकदा भीती वाटू दे."

तिनं आधी पैलवान पाडून बघितला. लिहिताना काहीच झालं नाही. भाजी चिरावी तसं लिहून झालं. तिनं ते पान फाडलं आणि खोकली घेतली. ब्रेकची यंत्रणा जाते, यान ग्रहाच्या हवेत शिरून पेटतं. खालची बाई नाव घेत राहते, खोकली, खोकली, आणि वरून काही येत नाही. लिहिताना हात कापायला लागला तेव्हा तिला कळलं, जमलंय. त्याच कापऱ्या हातानं तिनं पाकीट चिकटवलं. प्रत्येक भाग आधी नवऱ्याला वाचून दाखवायचा हा तिचा शिरस्ता होता. या वेळी मात्र "अजून जुळत नाहीये" म्हणून तिनं वेळ मारून नेली.

आणि आज तो पहाटेच रिकामी गाडी घेऊन वर गेला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

झाडूवाली मावशी दार लोटून आत आली. केर काढायचं सोंग करत म्हणाली, "नवऱ्याला मारलंस होय गं?"

"गोष्ट आहे मावशी ती."

"ते दिसतंय मला. पण नाव तर त्याचंच ना? दुसरं नाव मिळेना तुला? माझ्या मेल्या दिराचं घालायचंस, पंधरा वर्षं झाली जाऊन, त्याला काय फरक पडतोय!"

वहिनीला हसू आलं. मागून फिटर आला. चौकटीला टेकून उभा राहिला. "वहिनी, मी काही देव-भूत मानत नाही," तो म्हणाला. "पण परवा खोकलीचे ब्रेक मीच बघितलेत. आता मला आठवेना की मागच्या चाकाचा नट मी शेवटी आवळला की नुसता बसवला."

"म्हणजे?"

"म्हणजे आवळलाच असणार. रोज आवळतो मी. पण तुमचं वाचल्यापासून हाताला काही आठवतच नाहीये."

तो गेला. बाहेर धुकं उतरत होतं. खिडकीतून रोज दिसणारा डोंगराचा खांदा आज कुणीतरी पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला होता. तिनं सेटचा आवाज वाढवला. नुसती खरखर. तिला वाटलं, आपण लिहिलंय ते शेवटचं पान हेच. हीच खुर्ची, हीच खरखर.

आणि तेवढ्यात आवाज आला. तोच, शब्द वाचवणारा.

"खोकली. माथ्यावर."

तिनं बटण दाबलं. तोंड उघडलं. नाव बाहेर येईना. गोष्टीतल्या बाईनं ज्या नावानं हाका मारल्या आणि उत्तर आलं नाही, ते नाव जिभेवर येऊन थिजलं. आत्ता हे बोललं की पुढची ओळ खरी होणार असं तिला वाटलं. असं वाटणं खुळेपणाचं आहे हेही कळत होतं, पण जीभ हलेना.

"गाडी तीन," ती म्हणाली. "या खाली."

वरून आलं, "कोण बोलतंय?"

"मीच आहे. गाडी तीन, रस्ता मोकळा आहे."

"नाव?"

तिनं बटण सोडलं. वर ब्रेकचा फुस्स आवाज सेटमधून तिला ऐकू आला. तो थांबला होता. नियमाप्रमाणं. नाव नाही म्हणजे खाली काहीतरी बिघडलंय.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मामा. सासू खोकलीच्या मागोमाग निघते. डोंगराच्या पाठीमागच्या वळणांवर सेट चालत नाही; मामा तिथं असणार, बहिरे. धुक्यात माथ्याच्या वळणावर येतील तर समोर भरलेली खोकली आडवी उभी. आणि त्यांची सासूही भरलेलीच.

"मामा! मामा, ऐकू येतंय का?" ती ओरडली. खरखर.

फिटर आणि मावशी दारात येऊन उभे होते. "नाव घ्या, वहिनी!" फिटर किंचाळला. "अहो, नाव घ्या ना!"

गोष्टीत ती बाई नाव घेऊन घेऊन थकली होती. इथं नाव न घेतल्यानं तो मरणार होता. तिनं डोळे मिटले.

"खोकली," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "खोकली, खोकली, उतरा. मागून सासू येतेय, थांबू नका. उतरा हो!"

मग इंजिन खोकल्याचा आवाज आला आणि सेट बंद झाला. उतारावर ड्रायव्हर बोलत नाही; दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात.

थोड्या वेळानं सेट पुन्हा खरखरला. मामा होते. "सासू माथ्यावर. अगं, माथ्यावर नुसता धूर कोंडलाय. कोण उभं होतं इथं?"

"मामा, माथ्यावरच थांबा," ती कशीबशी म्हणाली. "तुमचं नाव मागून घेते. खोकली अजून खाली पोचलेली नाही."

खोकलीचं नाव घेतलं होतं. आता खरंच गोष्टीतलं शेवटचं पान सुरू झालं होतं. तिला फिटरचा नट आठवला. धुकं काचेला येऊन चिकटलं. मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. फिटर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटी फाटकावरच्या माणसाचा आवाज आला, अगदी रोजचा, कंटाळलेला. "आली हो खोकली. आणि चेहरा का असा याचा? भांडलात का सकाळी?"

वहिनी टेबलावर डोकं टेकून रडली.

नवरा आत आला तेव्हा फिटर आधीच त्याच्या गाडीखाली शिरला होता. नट आवळलेला होता. नवऱ्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि विचारलं, "नाव का नाही घेतलंस?"

तिनं कँटीनमधून मासिक आणलं. वाचून दाखवलं, सगळं, शेवटच्या हाकेपर्यंत. वाचताना तिनं एकदाही वर बघितलं नाही. त्यानं मासिक घेऊन मिटलं. मग म्हणाला, "हात कुठं होते त्याचे?"

"कुणाचे?"

"त्या मुक्याचे. शेवटी."

"स्टिअरिंगवर."

"मग ठीक," तो म्हणाला. पण ग्लास ठेवताना तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि पाणी सांडलं. या माणसाला घाबरलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिला स्वतःच्या भीतीपेक्षा त्याची भीती मनाला जास्त लागली.

संध्याकाळी तो टर्पेंटाइनचा बोळा घेऊन बॉनेटवर चढला आणि रंगवलेलं 'खोकली' घासून घासून काढलं. मामा खालून म्हणाले, "अरे, बारसं तरी कर नव्यानं."

"नवं काय ठेवणार?" तिनं विचारलं.

"आत्ता नाही सांगायचं."

"अहो, मला परत उच्चारायचं असतं ते!"

"वर पोचलो की सांगीन. तोवर तुलाही नको."

ती चिडली नाही. आपल्या हातात आधी नाव आलं तर आपण काय करू, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. वाचक हादरलेत म्हणाल्या, मुका खरंच गेला का असं विचारतायत, आणि पुढचा भाग लवकर द्या. वहिनी म्हणाली, "बघते." कागद ओढून समोर घेतला. नवं यान हवं होतं. तिला एकही नाव सुचेना. सुचलं ते कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं होतं, आणि त्या गाडीत कुणीतरी बसलेलं होतं.

धुकं आजही होतं. सेट खरखरला.

त्याचा आवाज आला, आणि एक नाव. तिनं ते पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. तिनं बटण दाबलं आणि ते जसंच्या तसं परत म्हटलं. जीभ अडखळली नाही. इंजिनाचा आवाज उतारात शिरला आणि सेट बंद झाला. वहिनीनं समोरचा कोरा कागद उलटा घातला, पेन खणात टाकलं, आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून फाटकावरच्या माणसाच्या आवाजाची वाट बघत बसली.