खालाच्या दुकानात कुणी मरत न्हवतं

रतनाक्का नळावरनंच वरडली, "अगं ए, बांगडीवाली खाला गेली गं!" माझी घागर नळाखाली तशीच ऱ्हायली, भरून वाहाय लागली तरी मला कळंना. दुपारी नमाज पढून जरा आडवी झाली म्हणं, ती उठलीच न्हाय. कुणाला हाक न्हाय, कुणाला तरास न्हाय. माझ्या पदराला धरून पिंकी उभी हुती, पाच वर्षांची पोर, तिनं लगीच इचारलं, "कुटं गेली खाला?" मी म्हणलं, गावाला. "कुटल्या गावाला?" मी म्हणलं, कुरुंदवाडला, तिच्या भैनीकडं. तोंडाला आलं ते सांगून मोकळी झालो, आन् मग घरात येऊन चुलीम्होरं बसून रडलो. आता म्हैना व्हत आला. पोर रोज इचारती, "आली का गं खाला?" आन् रोज मी कुरुंदवाडच सांगतोय. दुसऱ्या कुणाचं असतं तर सांगितलं असतं. पण ही पोर आज बापाच्या घरात हाय ती खालामुळं... न्हायतर मी कवाच हिला काखंला मारून कोडोलीला म्हायेरी जाऊन बसलो असतो, कायमची. मग हिलाच कसं सांगू, की ती खाला आता न्हाय?

खालाचं नाव जैतून. ते कुणाला ठावं न्हवतं, सगळी गल्ली खालाच म्हणायची, तिच्यापरास म्हाताऱ्या बाया सुदिक. तिचं बांगड्याचं दुकान म्हंजे एक खण. म्होरं गादी, गादीवर खाला, मागं भिंतभर बांगड्या. माझ्या लग्नातला चुडा तिनंच भरला. मी भिऊन हात ताठ धरलेला, तर म्हणली, "अगं बेटी, हात हाय का लाटणं? ढिला सोड. माझ्याकडं बघू नको, म्हायेरचं काय तरी सांग." मी आमच्या म्हशीचं सांगाय लागलो आन् म्हस दूध किती देती हितपत्तुर आलो तवर चुडा भरून झाला हुता. डोळं मिटून हात दाबायची ती. एकदा धरलेला हात इसरायची न्हाय.

त्या दुकानात मागच्या बाजूला ती मशीन आली. खालाचा भाचा बेळगावास्नं टेम्पोत घालून घिऊन आला, त्याचं तितलं दुकान बंद पडलेलं, म्हणला ठेव तुझ्याकडं, नाणं टाकून पोरं खेळत्यात, तुझा च्या-पाणी सुटंल. गोदरेजच्या कपाटाएवढं धूड. वर काच, काचंत काळोख, काळोखात खाली आपलं एक बारकं विमान, आन् वरनं माश्या आल्यागत दुसरी येत्यात, ती पाडायची. आपली समदी मिळून तीन विमानं, एक फुटलं की कोपऱ्यातलं दुसरं खाली येतंय, तिन्ही फुटली की खेळ संपला. खालाला वाटलं, बांगड्या भरायला लेकीबाळी येत्यात, त्यांच्याम्होरं हे असलं पिरपिरणारं नको. म्हणून तिनं मधी पडदा लावला. आन् सगळा घोटाळा त्या पडद्यानं केला बगा.

कारण त्या वक्ताला व्हिडिओ म्हंजे काय, हे तुमाला म्हाईत असंल. खिडक्यांना काळं कागद लावलेली खोली, आत टेप लावून पिच्चर, आन् बाहीर येताना माणसं खाली मान घालून येणार. चांगल्या घरचा माणूस तितं जात न्हाय, असं आमाला सांगितलेलं. आन् गेम? 'अमक्याचा गेम केला' म्हंजे त्याला मारला, एवढंच मला ठावं. आता हे दोन शब्द एका जागी आलं आन् तेबी पडद्यामागं, मी बाळंतीण, मशीन बघितलेली न्हाय, मग माझ्यासारखीनं काय समजायचं?

पिंकी तवा तीन-चार म्हैन्यांची हुती. रतनाक्का आमची शेजारीण, ती भांडी घासता घासता म्हणली, "तुझं मालक रोज सांजचं खालाकडं व्हिडिओ गेममधी असत्यात. पडद्यामागं. मी आपलं सांगायचं काम केलं." आमचं मालक उद्यमनगरात फिटर. सुट्टी झाली की सायकल घिऊन सरळ घरी यायचं माणूस, ते उशिरा येऊ लागलतं, इचारलं तर "काम हुतं" म्हणायचं आन् उगंच हसायचं. त्या हसण्यानंच मला जास्ती भ्या वाटायचं. एक दिवस त्यांच्या हत्यारांची पिशवी उचलून ठेवाय गेलो तर आत किणकिणलं. बघतो तर पुसायच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बांगड्या. हिरव्या, लाल, एक मोरपंखी... एका जातीच्या न्हवंत, रोज एकेक घेतल्यागत. मी म्हणलं माझ्यासाठी असतील. हातात घालून बघितली तर सांध्याच्या वर सरकंना. दुसरी बघितली, तीबी न्हाय. तितंच खाली बसलो मी. बारीक हाताची कोण तरी हाय, असं मनात आलं आन् ते मनातनं जाईचना.

त्यात दारात सायकल लावताना ते दोस्ताला म्हणलं, ते मी आतनं ऐकलं, "आज काय खरं न्हाय गड्या, लगीच वाढलो." आता बांगडी फुटली तर फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणत्यात, हे कुणीबी सांगंल. पण बाप्या माणूस वाढतोय कसा? पिशवीत कुणाच्या बांगड्या, तोंडात बांगड्यांची भाषा... मला काय सुचंना, मी कोडोलीच्या एश्टीतल्या वळखीच्या कंडक्टरकडं निरोप धाडला, दादाला म्हणावं, भैनीला न्ह्यायला ये.

दादा दुसऱ्याच दिवशी आला. माझा थोरला भाऊ, तालमीतला गडी, दारातनं आत यायचा म्हंजे तिरका व्हऊन. सासूबाई च्या ठेवाय उठल्या तर म्हणला, "च्या नको. कपडं भर गं तू. पयलं पावण्यांना बघतो, मग शेवटची एश्टी धरू." मी पोरीला छातीशी धरली, बांगड्या पदरात बांधल्या आन् त्याच्या मागनं निघालो. वाटंत देवळं, माणसं, गाड्या, काय दिसंना. एकच कळत हुतं, की आज ह्या पोरीचा बाप तरी ऱ्हातोय न्हायतर जातोय.

खाला गादीवर एका बाईला बांगड्या भरत हुती. दादानं तिला रामराम केला न्हाय का काय न्हाय, सरळ पडद्याला हात घातला आन् वरडला, "पावणं, बाहीर या!" रागात बी त्याच्या तोंडातनं 'पावणं'च निघालं, आन् 'या'च. पडदा सरकला. आत बाई न्हवती. आत ते धूड, त्याच्या उजेडात आमचं मालक, त्येलकट कपड्यात, नाक काचंला टेकलेलं, आन् त्यांनी मागं वळून बी बघितलं न्हाय. "थांबा, थांबा, एकच ऱ्हायलंय!" आन् मग काचंत भक्कन् उजेड झाला आन् ते कळवळून म्हणलं, "वाढलो! दादा, तुमच्यामुळं वाढलो की!" आन् गादीवरनं खालानं, मान वर न करता, बांगडी सरकवत सरकवत म्हणलं, "वाढू दे, दुसरी भरू."

दादा इकडं बघतोय, तिकडं बघतोय. "बाई कुटं हाय?" "कसली बाई?" मी पदर सोडला आन् बांगड्या गादीवर ठेवल्या. बोलायचं हुतं ते सगळं रडण्यातच गेलं. खालानं बांगड्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं, आन् अशी हसली, अशी हसली, की जिला बांगड्या भरत हुती ती बाईबी कारण ठावं नसताना हसाय लागली. "अगं माझे आई, ह्या तुझ्याच! माझा कायदा हाय, बांगडीच्या दुकानात नुसतं खेळाय यायचं न्हाय, खेळला की बायकोला एक बांगडी न्ह्यायची. मी काय म्हणलं ह्याला, लपवून ठेव म्हणलं व्हय?" मी म्हणलं, "माझ्या हातात जात न्हाईत." तशी तिनं माझा हात वढून घेतला आन् डोळं मिटलं. "बाळंतपणाची सूज हाय, बेटी. मी माप दिलं ते तुझ्या लग्नातल्या हाताचं. म्हशीचं सांग." आन् मी रडत रडत म्हशीचं सांगाय लागलो, आन् ती मोरपंखी बांगडी सांध्यावरनं सरकली की. हातात आली. मला वाटलं छातीवरनं जातं उचललं कुणी तरी.

"मग सांगितलं का न्हाय?" दादानं इचारलं. आमचं मालक जमिनीकडं बघत म्हणलं, "कसं सांगू? लेकराचा बाप झालो आन् डबड्यात विमान उडवतोय. तालमीतली पोरं हसतील." खाला उठली. कवा न्हाय ती गादीवरनं उठली आन् पडदा दांडीसकट वढून खाली पाडला. "ह्या फडक्यापायी ह्या पोरीचं घर वाढलं असतं आज," म्हणली. घर मोडलं असतं, असं बी म्हणाय तिची जीभ वळली न्हाय.

ते वाढायचं असं झालतं, की पयल्यांदा पोरं खेळताना "मेलो, मेलो" वरडायची. म्होरं एका नवरीला चुडा भरायचा चाललेला, आन् मागनं "मेलो!" नवरीची आई दचकून उठलीच. तवा खालानं पोरांना धरून सांगितलं, "माझ्या दुकानात कुणी मरायचं न्हाय. इथं बांगडी फुटत न्हाय, वाढती. तुमीबी वाढायचं." आन् आमच्याकडं बाया सुदिक 'मी आलो, मी गेलो' म्हणत्यात, त्यामुळं 'वाढलो' सगळ्यांच्या तोंडी बसलं. गडी वाढलो म्हणायचा आन् बाईबी वाढलो म्हणायची.

आन् दादा? मी डोळं पुसून बघतोय तर तो मशीनीम्होरं उभा. "हे काय करतंय? ह्याला हाणायचं कसं?" आमचं मालक शिकवाय लागलं, "दादा, डावीकडं, डावीकडं! तुमी अंग कशाला हलवताय, दांडा हलवा!" शेवटची एश्टी गेली. मी म्हणलं, दादा, एश्टी... तर म्हणला, "सकाळची हाय की!" तो त्या दिवशी आमच्या घरी रस्सा जेवला, आन् जेवताना दोघं विमानांचंच बोलत हुते आन् सासूबाई मला इचारत हुत्या, "ह्यो भांडाय आलता न्हवं?"

मग ती मशीन म्होरं आली, गादीच्या बाजूला, रस्त्यावरनं दिसंल अशी. पडदा न्हाय म्हणल्यावर बाया बांगड्या भरता भरता बघू लागल्या. दांडा हुता बाप्यांच्या उंचीला, बायांचा आन् बारक्या पोरींचा हात पुरंना, तर खालानं घरातनं जेवायचा पाट आणून मशीनीम्होरं टाकला. त्या पाटावर पयली कोण चढली असंल? रतनाक्का. जी मला सांगाय आलती तीच. भाजीची पिशवी दोन पायांच्या मधी धरून अशी खेळायची, की बांगड्या दांड्याखालच्या फळीवर खळाखळा वाजायच्या, आन् मागं कुणी उभं ऱ्हायलं की म्हणायची, "थांब गं, माझी बारी हाय, मला कुकर लावाय जायाचंय." वाढलं की उतरायचं, आन् उतरताना पाट हातानं मागच्याकडं सरकवायचा, पायानं न्हाय, हा खालाचा दुसरा कायदा. पिंकी त्या पाटाजवळ रांगली, त्याला धरून उभी ऱ्हायली आन् मग त्याच्यावर चढून खेळाय लागली. मी तेवढी कवा हात लावला न्हाय. करंट बसंल असं वाटायचं. खाला रोज म्हणायची, "एकदा हात लाव की गं, भित्री कुटली." मी म्हणायचो, लावतो की उद्या.

मधी पेपरात आलतं, आमच्या मालकांनी वाचून दाखवलं, की आता हे व्हिडिओ गेम सर्रास झालं, गावोगावी लोण पोचलं, काय काय. मी म्हणलं, मशीनी किती झाल्या त्याच्यावर सर्रास ठरतंय व्हय? आमच्या गल्लीत एकच हुती. पण तिच्यावरनं पडदा निघाला, तिच्याम्होरं पाट आला, आन् हरल्यावर म्हणायला आमचा आमचा शब्द आला. त्या दिवसापास्नं तो खेळ आमचा झाला. खालाला ह्यातलं काय ठरवून करायचं न्हवतं. तिला एका रडणाऱ्या पोरीचा हात धरायचा हुता.

परवा खालाच्या सुनंनं दुकान उघडलं. पिंकीनं लांबनंच बघितलं आन् पळत सुटली, "आली, खाला आली!" मी मागनं पळतोय. गादीवर सून बसलेली. पिंकी दारातच थांबली. गादीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आता कुरुंदवाड सांगायची सोय न्हवती. मी खाली बसलो, तिचं दोन्ही हात धरलं, आन् मला दुसरा शब्दच येईना बगा, मी म्हणलं, "पिंके, खाला वाढली गं."

मला वाटलं आता भोकाड पसरंल. तिनं मशीनीकडं बघितलं. मग हळूच म्हणली, "तिन्ही विमानं?" मी म्हणलं, "व्हय, तिन्ही." तिचं डोळं भरलं, पण ती वरडली न्हाय, भ्याली न्हाय. तिला कळलं हुतं. मी जे म्हैनाभर भीत हुतो ते तिला खालानं कवाच शिकवून ठेवलतं. ती पाटावर चढली, खेळली, लगीच वाढली, उतरली, आन् दोन्ही हातांनी पाट माझ्याकडं सरकवला. "आई, तुझी बारी."

सून हसली, तिनं नाणं टाकलं. मी चढलो. दांडा धरला, मोरपंखी बांगडी फळीवर वाजली. करंट बिरंट काय बसला न्हाय. डावीकडं गेलो, उजवीकडं गेलो, आन् भक्कन् उजेड झाला. माझ्या तोंडातनं आपसूक मोठ्यांदी निघालं, "वाढलो!" आन् मी सवयीनं गादीकडं बघितलं... गादीवरनं काय आवाज आला न्हाय. खालनं, पाटाजवळनं आला, डोळं पुसत पुसत, अगदी तिच्याच सुरात.

"वाढू दे गं, दुसरी भरू."