तीन ट्रे बटाटेवडे
इथे दुबईत, करामातल्या हॉटेलात वडे तळल्याचा वास आला की मला मुलीच्या कॉलेजचं मैदान आठवतं. कॉलेज सगळं बास्केटबॉलवेडं. तिच्या फुटबॉल टीमकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. म्हणून एका मॅचला मी बिल्डिंगमधली झाडून सगळी मराठी मंडळी ओरडायला नेली, सोबत तीन ट्रे बटाटेवडे. "बाबा, प्लीज, नो ढोल!" एवढंच तिने बजावलं होतं. आलेल्याला आधी खाऊ घालायचं ही आपली रीत, म्हणून मॅच सुरू होण्याआधीच मी वडे वाटले. वडे संपले, ऊन भाजायला लागलं. "पाच मिनिटं एसीत बसून येतो हं," म्हणत एकेक जण शेजारच्या बास्केटबॉल हॉलमध्ये शिरला. "परत येताय ना?" मी विचारलं. "इन्शाल्ला!" शेजारी हसत म्हणाला. शेवटी शेवटी मुलीने गोल मारला आणि नेमका तेव्हाच हॉलमधून प्रचंड जल्लोष उठला. आपलीच माणसं ओरडली असं वाटून ती दोन्ही हात उंचावून वळली. समोर मी एकटा, आणि तेलकट रिकामे ट्रे. मी जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवत राहिलो, तरी तिचे हात हळूहळू खाली आलेच. परवा ती म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो फनी!" मी हो म्हटलं आणि हातातला वडा बशीत ठेवला.