टाकीचं पाणी आणि माझं वाक्य

“गाँव की बोली यहाँ नहीं चलेगी. फिर से बोलो.”

कर्नलसाहेबांच्या मेमसाबनी सगळ्या बायकांसमोर मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. सातव्यांदा. माझ्या पदराची पिन उपसून स्वतः खोचली. टोचली. मी हसले.

दुसऱ्या दिवशी जनरलसाहेबांच्या पत्नी आमच्या क्वार्टरांना भेट देणार होत्या. अशा भेटीत जवानाची एक बायको उठून बोलते. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं. बारावी शिकलेली म्हणून मला निवडलं. वाक्य होतं, “हमें यहाँ कोई तकलीफ नहीं.”

तकलीफ होती. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळत होतं. घरोघरी कावीळ. कर्नलसाहेबांच्या हाताखालच्या लेफ्टनंट कर्नलनी तसं लेखी दिलं होतं, आणि दबाव आला तरी कागद मागे घेतला नव्हता. कर्नलसाहेबांना ब्रिगेडियर व्हायचं होतं. त्यांना ही भेट बिनतक्रार हवी होती.

शेजारची शमीम आमच्याच भागातल्या तीर्थपुरीची. सातवा महिना, डोळे पिवळे. म्हणाली, “ताई, तुम बोलो. तुमकू बोलना आता.” मी हो म्हटलं.

सकाळी कर्नलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. नवऱ्याच्या हवालदारकीच्या बढतीचा कागद आपल्या टेबलावर आहे, एवढंच म्हणाले.

मी ठरलेलं वाक्य म्हटलं. उच्चार स्वच्छ. टाळ्या पडल्या. शमीम उठून गेली.

पंधरा दिवसांत तिचं बाळ पोटातच गेलं. लेफ्टनंट कर्नलवर खोट्या तक्रारीचा ठपका आला. पुरावा माझं भाषण. ते त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. माझा नवरा हवालदार झाला.

नवरा निवृत्त झाला, आता आम्ही गावी वडीगोद्रीत असतो. परवा माजी सैनिकांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. पाहुणे तेच कर्नल. मेजर जनरल होऊन निवृत्त झालेत. त्यांची ओळख मी करून द्यायची. मजकूरही लिहून आला: ‘जवानांच्या कुटुंबांचे पालक’. मी तिथंच थांबले. नवऱ्याला म्हणाले, हे वाचणार नाही.

नवरा म्हणाला, “जुनं कशाला उकरून राह्यली? माझं प्रमोशन कशावर झालं, लोक इचारतील न्हाई का?”

“इचारायच्या आधी मीच सांगते.”

शमीमला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “अब क्या फायदा?” आणि ठेवला. बरोबर आहे तिचं. माफीसाठी मी जात नाही.

रविवारी मेळाव्यात आधी माझं खोटं सांगेन, हवालदारकीसकट. मग साहेबांचं, त्यांच्या तोंडावर. माईक काढून घेतला तरी चालेल. पिठाची गिरणी चालवते मी. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.